कपाळावरची दुरुस्ती

पणजीच्या त्या संग्रहालयात फॉस्टिनबाब फोटोसमोर उभे राहिले, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि मागे सरकले ते थेट माझ्या पायावर. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण वजन काही कमी नाही. मी ओरडणारच होते. त्यांचा चेहरा बघितला आणि ओरडायचं विसरले. ते फोटोतल्या बाईच्या कपाळाकडे बोट करून, हे आलं कुठून अशा नजरेने, पुटपुटत होते, "कुंकू खंयसून इला? ता तर मी खरवडून काढलंय."

त्या कुंकवाची गोष्ट सांगायची तर आधी माणूस सांगायला हवा.

फॉस्टिन लिओन रॉड्रिक्स. बांद्याच्या बाजारात १९६९ ते २००७ त्यांचा फोटो स्टुडिओ होता. माझं घर समोरच. मी बांद्याच्या शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे ते मला टीचर म्हणतात आणि माझ्या तापट स्वभावाची चेष्टा करतात. बायको कोन्सेसांव गेल्यापासून त्यांचा संध्याकाळचा चहा आमच्या पडवीत होतो. साखर जास्त घातली तर दोन घोट घेऊन गप्प ठेवून देतात. तक्रार करायचा स्वभावच नाही. तक्रार करायला मी आहे.

स्टुडिओत एकच कोट होता. काळा, डाव्या कोपराला ठिगळ. फोटो काढायला येणारा शेतकरी असो नाहीतर मास्तर, त्याला तो कोट चढवला जायचा. त्यामुळे आमच्या पंचक्रोशीत हार घातलेले जितके आजोबा भिंतीवर आहेत, त्यातले निम्मे एकाच कोटात आहेत. मी म्हणायचे, "बाब, स्वर्गाच्या दारावर गोंधळ उडत असेल, हाच कोट परत परत कसा येतो म्हणून." ते शांतपणे म्हणायचे, "कोट एक आसा टीचर, पण तोंडां परतेकाची येगळी काढलंय मा?"

ते खरंच होतं. फोटो काळा-पांढरा निघायचा, पण मोठा करून हवा असेल तर फॉस्टिनबाब तो रंगवून द्यायचे. कापसाच्या बोळ्याने गाल, बारीक ब्रशने ओठ, साडीचे काठ, दागिने. कुंकू सगळ्यात शेवटी. स्वतः किरिस्तांव असल्यामुळे की काय, कुंकवाच्या बाबतीत ते फार जपून वागायचे. बाईला विचारायचे, "कुंकू कसा लायतंस? बारीक काय मोठा?" बाई लाजून बोटाने दाखवायची, तेवढंच ते घालायचे. त्यांचं म्हणणं असं, की नाक थोडं चुकलं तर चालतं, पण कुंकू चुकला की फोटो दुसऱ्याच बायलेचो जाता.

रंग चढवायचे तसे उतरवायचेही. त्यासाठी दाढीच्या पात्याचं अर्धं तोडून बांबूच्या काडीत बसवलेलं एक हत्यार होतं. फोटोवर काळा ठिपका आला, कोणाला गालावरचा मस नको असला, की त्या पात्याने कागद अगदी हलका खरवडायचा आणि मग करड्या रंगाने ती जागा भरायची. भरल्यावर कुठे खरवडलं होतं ते देवालाही सापडू नये.

त्या पात्याचं आणखी एक काम होतं, ते मला फार उशिरा कळलं. २००७ मध्ये स्टुडिओ बंद करताना ते मला एकेक वस्तू दाखवत होते. पातं हातात आलं तसे थांबले. मग म्हणाले, काही घरांतून फोटो कापडात गुंडाळून परत यायचे. नवरा गेलेला असायचा. भिंतीवर रंगाने कुंकू लावलेली बाई बसलेली घरच्यांना नको असायची, म्हणून कुंकू तेवढं काढून द्या. वर्षाकाठी एखादाच यायचा असा फोटो. पण यायचा.

माझं डोकं फिरलं. जिवंत बाईचं पुसून समाधान झालं नाही म्हणून कागदावरचंही पुसायचं? मी त्यांनाच झापलं, की तुम्ही केलंत कसं हे काम. ते खाली बघत म्हणाले, "आरोंद्याची जानकी इली, ता शेवटचा. ताच्यामागसून तसलो फोटो मी हातात घेतलंय नाय."

जानकीची हकिकत त्यांनी सांगितली ती अशी. १९७४ मध्ये आरोंद्याच्या गंगारामशी तिचं लग्न झालं. गंगाराम मालवाहू जहाजावर खलाशी. जवळ निदान एकमेकांचा चेहरा तरी असावा म्हणून दोघांनी बांद्याला येऊन फोटो काढले. त्याचा छोटा तिच्याकडे राहिला, तिचा छोटा तो बोटीवर घेऊन गेला नि तिचाच मोठा, रंगवलेला, ओटीवर लागला. १९८१ मध्ये तार आली. वादळात जहाज बुडालं होतं. माणूस मिळाला नाही, नुसती तार मिळाली. महिन्याभराने जानकीचा सासरा तो फोटो काखोटीला मारून स्टुडिओत आला. मागे जानकी. "कुंकू काढ," एवढंच फॉस्टिनबाबांना सांगण्यात आलं. जानकी समोरच्या स्टुलावर बसून बघत राहिली. फॉस्टिनबाब खरवडायला लागले तेव्हा ती एकदाच बोलली. म्हणाली, "सावकाश. कागद फाटात."

खरवडून झालं, तशी पांढरी जखम उघडी पडली. ती भरलीही नाही. फोटो तसाच परत गेला.

त्या सासऱ्याला मी कधी पाहिलं नव्हतं, तो केव्हाच वारलाही होता. पण त्या दिवसापासून मनातल्या मनात त्याला इतक्या शिव्या घातल्या, की वरती उचक्या लागून लागून तो बेजार झाला असेल. सतरा वर्षं हा माझा नेम चालला.

दोन वर्षांपूर्वी डॉ. दिव्या नावाच्या बाई बांद्यात आल्या. जुन्या फोटो स्टुडिओंचा अभ्यास करणाऱ्या, विद्यापीठात शिकवणाऱ्या. फॉस्टिनबाबांनी त्यांना सगळं सांगितलं, तीच जानकीची हकिकतही. मी चहा पुरवला आणि बाब जिथे मवाळ बोलले तिथे तिखटमीठ लावलं. दिव्याबाईंनी आरोंद्याला जाऊन तो फोटो भिंतीवर बघितला आणि मोठा लेख लिहिला. त्यात म्हटलं होतं, की या बाईचं खरं चित्र तिच्या चेहऱ्यात नाही, कपाळावरच्या त्या ओरखड्यात आहे. चेहरा कॅमेऱ्याने काढला, पण सासऱ्याच्या हुकमाने जो ओरखडा निघाला, त्यात तिचं पुढचं सगळं आयुष्य आहे. वाचून मला इतका आनंद झाला, की मी तो लेख शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवला.

पुढे पणजीच्या एका संग्रहालयाने जुन्या स्टुडिओंच्या फोटोंचं दालन करायचं ठरवलं. जानकीची नात आकांक्षा पणजीतच नोकरीला. तिने आजीला विचारलं, तर आजी म्हणाली, "घेवन जा गो. भिंत मोकळी होतली." फोटो गेला. यंदा जानेवारीत दालन उघडायचं ठरलं तसं आम्हाला बोलावणं आलं, आणि बाबांना सांगितलं होतं, तुमची जुनी हत्यारं आणा, काचेत ठेवू. ब्रश केव्हाच झडले होते. पातं तेवढं राहिलं होतं. ते त्यांनी रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं.

आकांक्षाच्या गाडीतून आम्ही निघालो. जानकीला मी पहिल्यांदाच बघत होते. बहात्तर वर्षांची, लहानखुरी, गुडघ्यांनी बेजार, कपाळ मोकळं. हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडेपर्यंत ती आणि फॉस्टिनबाब आरोंद्याच्या खाडीत हल्ली कालवं का मिळत नाहीत यावर बोलत होते. मी मागे बसून तिच्याकडे बघत होते आणि माझ्याच डोळ्यांत पाणी येत होतं. म्हटलं, किती सोसलंय या बाईने, आणि बोलते कशी कालवांबद्दल.

संग्रहालयात पोचल्यावर गुडघे दुखतात म्हणून जानकी दारातल्या बाकावर बसली, आकांक्षा तिच्याजवळ. आम्ही दोघे आत गेलो. आणि तिथे, माझ्या पायावर पाय देऊन, फॉस्टिनबाबांनी ते कुंकू बघितलं.

मोठं, गोल, लालभडक. त्या पांढऱ्या ओरखड्याचा मागमूस नाही. बाजूला पाटी: "जानकी, आरोंदा. १९७४. हाताने रंगवलेलं छायाचित्र. कपाळावर इजा होती, दुरुस्त केली आहे."

मी ती पाटी तीनदा वाचली. त्रेचाळीस वर्षं जे एका घराने भिंतीवर वागवलं, ते यांनी आठवड्याभरात बुजवून टाकलं होतं.  फॉस्टिनबाब भिंतीला टेकले.

संग्रहालयाचे प्रमुख सुदेश म्हणून एक पन्नाशीचे गृहस्थ होते. ते हसत हसत आले. त्यांना वाटत होतं आम्ही खूश होऊ. "कडेला जरासा जुना लाल रंग उरला होता, त्यावरून लावलं," ते म्हणाले. "खाली कागदाला धक्का नाही. वरचा रंग केव्हाही निघतो."

एवढ्यात दिव्याबाई आल्या. फोटो बघून त्या तडक सुदेश यांच्याकडे वळल्या. "सुदेश, हे तुम्ही काय केलंत?"

"काय केलं? बाईला तिचा चेहरा परत दिला. पोर्ट्रेट म्हणजे माणसाचा चेहरा, मॅडम. कपाळावर एवढा ओरखडा असला की बघणारा ओरखडाच बघतो, बाई बघतच नाही. दुरुस्तीआधी तसाच लावून मी बसून मोजलंय, लोक त्या ओरखड्यापाशी थांबतात आणि पुढे जातात. ती हसतेय हे कोणाला दिसलंच नाही."

"हसू एका मिनिटाचं होतं. ओरखडा चाळीस वर्षांचा आहे. त्या चेहऱ्याचं घराने काय केलं, तेच तिचं पोर्ट्रेट. तुम्ही सासऱ्याचा गुन्हा रंगाखाली झाकलात."

मी अर्थातच दिव्याबाईंच्या बाजूने उडी मारली. सुदेश यांना म्हटलं, तुमच्या घरातल्या बाईच्या कपाळावर कोणी असं केलं असतं तर तुम्ही रंग लावून मोकळे झाला असतात का? आवाज जरा चढलाच. दोन पाहुणे दुसऱ्या दालनात निघून गेले.

सुदेश फॉस्टिनबाबांकडे वळले. "तुम्हीच सांगा. तुम्ही काढलेला फोटो कोणता? कुंकू असलेला ना?"

"ओरखडाही त्यांनीच काढलाय," दिव्याबाई रागाने म्हणाल्या. "वरचा रंग निघतो म्हणता ना? मग यांनाच काढू द्या, सगळ्यांसमोर. पातं आणलंय त्यांनी."

बोलून गेल्या आणि त्यांनाच कळलं आपण काय बोललो ते. पण शब्द बाहेर पडला होता. फॉस्टिनबाबांचा हात खिशावर गेला. त्या रुमालाची घडी वरून दिसत होती. ते बाहेर बोलतात तसं साफ मराठीत म्हणाले, "एकदा केलंय मी ते मॅडम. दुसऱ्यांदा नका सांगू."

"कसला दुसऱ्यांदा?"

मागून आवाज आला. आमची बोलाचाली ऐकून जानकी आकांक्षाच्या हाताला धरून आत आली होती. आम्ही सगळे बाजूला झालो. ती फोटोसमोर येऊन उभी राहिली आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. भुताला बघावं तशी ती बघत होती. मग म्हणाली, "ह्या कोण गो?"

"तूच ती आजी," आकांक्षा म्हणाली.

"माजा कुंकू येवढा मोठा नाय होता."

दिव्याबाई तिच्याजवळ गेल्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, "आजी, तुमच्या सासऱ्यांनी तुमच्यावर जो अन्याय केला, तो यांनी रंग लावून लपवलाय. आम्ही तो परत दाखवायला सांगतोय."

"सासऱ्यान काय केल्यान?"

 जानकी फॉस्टिनबाबांकडे वळली. "फॉस्टिन, तू काय सांगलंस रे हेंका?"

"तुमी सांगल्यात ताच," फॉस्टिनबाब खाली बघत म्हणाले. "कोणी इचारला तर सासऱ्याचा नाव सांग, म्हटल्यात तुमी दोघांनी. ताच सांगत इलंय."

जानकी दालनातल्या बाकावर बसली. गुडघ्यांमुळे बसली की आणखी कशाने, ठाऊक नाही. मग आमच्यापैकी कोणाकडेही न बघता, भिंतीवरच्या त्या मुलीकडे बघत बोलली.

"कुंकू काढूक मी सांगललंय. सासऱ्याक तर पयला ठावकच नाय होता. तार इली, माजा कपाळ मोकळा झाला. आणि ही बसली वरती, कुंकू लावन, हसत. मी खाली भाकरी भाजूची आणि हिना वरसून बघूचा. कोण इलो की पयलो हिका बघी, मगे माका बघी आणि डोळ्यांक पदर लावी. सवत बरी गो, सवत एक दिवस मरता तरी. ही मरा नाय होती. एक दिवस पाट्यावरचो वरवंटो उचलून काचेवर मारूक गेलंय. सासऱ्यान हात धरल्यान. मगे इचारल्यान, काय होया तुका? मी म्हटलंय, हिचा कुंकू काढा. फ्रेम जड, माका उचलाना. म्हणान तो म्हातारो आरोंद्यासून बांद्यापर्यंत काखेत धरून इलो."

"मग त्यांचं नाव का सांगितलंत?" दिव्याबाईंनी विचारलं. त्यांची वही मिटलेली होती.

"तोच म्हणालो. वाटेत म्हणालो, लोक इचारतीत तेव्हा माजा नाव सांगा. तुका लोक येडी म्हणतीत. माका फक्त वायट म्हणतीत."

मी ऐकत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सतरा वर्षं. ज्या माणसाने सुनेचं वेड आपल्या नावावर घेतलं, त्याला सतरा वर्षं मी रोज शिव्या वाहिल्या, वर त्याची बदनामी करणारा लेख शाळेत वाचून दाखवला. त्याने ठरवल्याप्रमाणेच झालं होतं सगळं. त्याला आम्ही वाईट म्हटलं, आणि तिला कोणीच वेडी म्हटलं नाही. दिव्याबाई खुर्ची शोधत होत्या. त्यांच्या ओरखड्याचा अर्थ एका बाजूने कोसळला होता आणि सुदेश यांच्या दुरुस्तीचा दुसऱ्या बाजूने. जिची ती इजा होती, तिला विचारायचं ना त्यांना सुचलं, ना यांना. आणि मला तर नाहीच नाही.

"आणि ती जागा भरली का नाही तेव्हा?" मी कसंबसं विचारलं.

"मीच म्हटलंय भरू नको," जानकी म्हणाली. "भरल्यान असता तर परत बरी दिसली असती."

सुदेश यांचा हसरा चेहरा कधीच उतरला होता. ते पुढे येऊन हात जोडून म्हणाले, "आजी, मग तुम्हीच सांगा. काय ठेवू? कुंकू की ओरखडा? तुम्ही म्हणाल तसं."

फॉस्टिनबाबांनी रुमाल बाहेर काढला. घडी उलगडून पातं तळहातावर घेतलं. बांबूची काडी काळी पडली होती. ते जानकीजवळ गेले आणि म्हणाले, "हात थरथरतत गो माजे. पण तू सांगशीत तर आत्ता काढतंय."

 त्या क्षणी तिने हो म्हटलं असतं तर त्या दालनात कोणी आडवं आलं नसतं. जानकी उठली, एक हात फॉस्टिनबाबांच्या खांद्यावर ठेवून फोटोच्या अगदी जवळ गेली. इतकी जवळ, की काचेवर तिचा श्वास उमटायला हवा होता, पण काच संग्रहालयाने काढून ठेवली होती. बघत राहिली. मुलगी तिच्याकडे बघून हसत होती, तिला सवयच होती.

"कितक्या वर्षांचा ह्या चेडू?" तिने विचारलं.

"बावीस होतीस तू," फॉस्टिनबाब म्हणाले.

"आणि तू गो?" तिने मागे न बघता आकांक्षाला विचारलं.

"सव्वीस, आजी."

 जानकीने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "रवांदे. नातीपेक्षा ल्हान चेडू ता. तेच्यार कसलो राग धरूचो आता."

फॉस्टिनबाबांनी पातं परत रुमालात गुंडाळलं. शेवटची घडी आकांक्षाने घातली.

"पण कुंकू बारीक कर तेवढा," जानकी म्हणाली, आणि चौऱ्याहत्तर सालापासून कोणाला दाखवलं नव्हतं तसं, करंगळीच्या टोकाने माप दाखवलं. "येवढाच लायचंय मी."

संग्रहालयाचे नियम असणार, फॉर्म असणार, समिती असणार. सुदेश यांनी त्यातलं काहीही न काढता आतून कापूस आणि बांबूची काडी आणून दिली. फॉस्टिनबाबांनी काडीच्या टोकाला कापूस वळला, ओला केला, आणि चष्मा कपाळावर सरकवून फोटोवर वाकले. डावा हात त्यांनी उजव्या मनगटाखाली धरला होता.

"सावकाश," जानकी म्हणाली. "माका घाई नाय."